एकच ड्रायव्हर की वूफर-ट्वीटरची जोडी?

प्रश्न : गुहागरला खालच्या पाटात आमचे जुने घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, माजघरात झोपाळा. वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्यात एकच स्पीकर होता, पण त्यावर ऐकलेली गाणी अजून कानांत आहेत. आता नाट्यसंगीत, ख्याल, भजने आणि सुट्टीत येणाऱ्या मुलांची नवी गाणी ऐकण्यासाठी स्पीकरची जोडी घ्यायची आहे. पुण्याचा भाचा म्हणतो, पेटीत एकच ड्रायव्हर असलेले स्पीकर घ्या, आवाज अखंड येतो. चिपळूणचे दुकानदार म्हणतात, वूफर आणि ट्वीटर वेगळे नसतील तर घेऊच नका. कोणाचे ऐकावे? आमची खारी हवा आणि पावसाळाही ध्यानात घेऊन सांगावे.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : तुमच्या माजघरासाठी माझा कौल दुकानदारांच्या बाजूने आहे. खालच्या सुरांसाठी एक मध्यम वूफर, वरच्या सुरांसाठी एक लहान ट्वीटर आणि दोघांत काम वाटून देणारा साधा क्रॉसओव्हर, अशी जोडी घ्यावी. पण भाच्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. घरात एकच माणूस ठरलेल्या जागी बसून, बेताच्या आवाजात, मुख्यतः गायन आणि जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणार असेल तर मी भाच्याच्या बाजूने गेलो असतो. हा निर्णय कसा ठरतो ते समजले, तर दुकानात तुम्हाला कोणी गोंधळात टाकू शकणार नाही.

आधी स्पीकरपुढचे काम किती मोठे आहे ते पाहू. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढ्या पल्ल्यातला आवाज ऐकू येतो. हवेतल्या ध्वनीच्या वेगाचा हिशेब केला तर २० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे १७ मीटर भरते आणि २०,००० हर्ट्झची अवघी १७ मिलिमीटर. आपल्या संगीतातच बोलायचे तर काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. उलट बाजूला ‘स’, ‘श’ या वर्णांचा जोर पाच ते आठ हजारांच्या आसपास असतो. टाळ-झांजांची झळाळी दहा हजारांच्याही पुढे जाते.

खालचे सूर काढायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. तोच सूर एक सप्तक खाली तेवढ्याच मोठ्याने काढायचा तर ड्रायव्हरच्या पडद्याला चौपट हलावे लागते. वरच्या सुरांसाठी उलट पडदा हलका आणि लहान हवा, कारण त्याला सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलायची असते. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. तबला आणि डग्गा यांची जोडी याच कारणाने झाली आहे: लहान तोंड चढ्या स्वरासाठी, मोठे तोंड खर्जासाठी. एका ड्रायव्हरचा स्पीकर म्हणजे ही दोन्ही कामे एकाच पुडीवर वाजवण्याचा प्रयत्न. कुशल हातांनी तो पुष्कळसा साधतो, पण त्याला मर्यादा आहेत.

मग जुन्या रेडिओचा एकच स्पीकर इतका गोड का वाटायचा?

ती गोडी खरी होती आणि तिला कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे त्या स्पीकरकडून फारसे मागितलेच जात नव्हते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत असे प्रसारित झाले, तेव्हा ते घराघरांत मध्यम लहरींवर ऐकले गेले. घरच्या रेडिओतून चार-पाच हजार हर्ट्झच्या वर फारसे काही बाहेर पडतच नसे. तिथे ट्वीटर लावला असता तर त्याला खरखरीवाचून दुसरे काम मिळाले नसते. ग्रामोफोनच्या तबकड्यांचेही तसेच. १९२५ च्या आधीची, भोंग्यासमोर गाऊन केलेली ध्वनिमुद्रणे साधारण अडीचशे ते अडीच-तीन हजार हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात बसत. विजेवरचे ध्वनिमुद्रण आल्यावर हा पट्टा दोन्ही टोकांना रुंदावला, तरी आजच्या मानाने तो अरुंदच होता. सहा-आठ इंची एक ड्रायव्हर एवढा पट्टा आरामात सांभाळतो.

दुसरे कारण आपल्या कानांत आणि आपल्या वाद्यांत आहे. त्या रेडिओतून ६९ हर्ट्झचा खर्ज फारच क्षीण येत असणार, तरी तानपुरा भरलेला वाटायचा. तानपुऱ्याच्या रुंद, किंचित गोलाकार घोडीवर तार हलकेच टेकते आणि जवारीचा दोरा तो स्पर्श नेमका करतो. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे स्वरांश जोमाने उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास तानपुरा आणि वीणेच्या घोडीचा हा गुण अभ्यासला होता. तबला-मृदंगाच्या शाईमुळे त्या वाद्यांचे स्वरांश सुरेल रांगेत कसे बसतात, तेही त्यांनी दाखवले. १३८, २०७, २७६ हर्ट्झ असे स्वरांश कानांवर पडले की मेंदू त्यांच्या मुळाशी असलेला ६९ हर्ट्झचा स्वर आपणहून भरून काढतो. म्हणून लहान स्पीकरवरही तानपुऱ्याचा खर्ज पोचल्याचे जाणवते. डग्ग्याची थाप मात्र अशी भरून निघत नाही. तिचा दाब हवेतच असावा लागतो.

एका ड्रायव्हरचा खरा फायदा कोणता?

आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. शब्द कळतो तो बराचसा इथेच. आवाजाची धार, मुरकीचे दाणे, सारंगीच्या गजाची घासणी हेही इथेच. बहुतेक दोन-ड्रायव्हर स्पीकरांत वूफर ट्वीटरकडे काम सोपवतो ते याच पट्ट्यात, दोन ते तीन हजारांच्या आसपास. हे हस्तांतर नीट झाले नाही तर गायकाचा आवाज दोन जागांहून, दोन स्वभावांनी येतो. एका ड्रायव्हरमध्ये हा सांधाच नाही. आवाज एका बिंदूतून येतो, गायिका समोर एका जागी बसलेली वाटते. म्हणूनच जगभर या प्रकाराचे निष्ठावान श्रोते आहेत. ब्रिटनमध्ये पॉल व्हॉइट यांच्या कामातून पुढे आलेले लोथरचे ड्रायव्हर, जपानमध्ये १९६४ पासून बनत आलेला फॉस्टेक्सचा चार इंची एफई१०३, ही त्यांची आवडती नावे आहेत. भाच्याने ऐकलेला ‘अखंड’ आवाज हाच, आणि चांगल्या ध्वनिमुद्रणावर तो ऐकताना खरोखर समाधान मिळते.

त्याची मर्यादा कुठे जाणवते?

तीन ठिकाणी.

एक, आवाजाचा झोत होतो. लाटेची लांबी पडद्याच्या व्यासाएवढी झाली की आवाज सर्वत्र पसरायचा थांबून समोर एकवटू लागतो. आठ इंची ड्रायव्हरचा हलणारा पडदा सोळा-सतरा सेंटिमीटरचा असतो, त्याच्या बाबतीत हे २,००० हर्ट्झपासूनच ठळक होते. तीन इंची ड्रायव्हरमध्ये सुमारे ५,५०० नंतर, आणि एक इंची ट्वीटरमध्ये थेट १३-१४ हजारांपाशी. म्हणजे एका मोठ्या ड्रायव्हरसमोर नेमक्या रेषेत बसलेल्याला सगळे ऐकू येते आणि बाजूला बसलेल्यांना शब्द बोथट लागतात. तुमच्या माजघरात एक जण झोपाळ्यावर, दोघे सतरंजीवर, कोणी स्वयंपाकघराच्या दारात उभे. अशा घरात आवाज पसरणे फार मोलाचे आहे.

दोन, चढ्या सुरांना पूर्ण पडदा एकसंध हलत नाही. मधला भाग हलतो आणि कडा वाकतात, थरथरतात. रुंद पल्ल्याचे ड्रायव्हर बनवणारे याच वाकण्याचा उपयोग करून वरचे सूर काढतात, काही जण मध्यभागी एक छोटा जादा पडदा चिकटवतात. पण यात कुठे सूर उसळतो, कुठे दबतो. स्वस्त ड्रायव्हरमध्ये ही उसळी नेमकी तीन ते आठ हजारांत पडते, आणि तार सप्तकातला गायकाचा आवाज ओरडल्यासारखा लागतो.

तीन, एकच पडदा डग्गा आणि गळा दोन्ही वाहतो. डग्ग्याच्या थापेने पडदा पुढे-मागे मोठा झोका घेत असतो आणि त्याच झोक्यावर बसून त्याला आलापीतली बारीक कंपनेही उमटवायची असतात. आवाज लहान ठेवला तर काही बिघडत नाही. वाढवला की गळ्यावर गढूळपणा चढतो. गुहागरात हा मुद्दा पावसाळ्यात पुढे येतो. आषाढात कौलांवर सर कोसळू लागली, वर समुद्राची गाज, की तुमचा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जाणार. लहान एका ड्रायव्हरला तेव्हाच सर्वांत जास्त कष्ट पडतात. माझा कौल दोन ड्रायव्हरकडे झुकतो त्याचे सर्वांत मोठे कारण हे.

दोन ड्रायव्हर म्हटले की सगळे चांगलेच का?

मुळीच नाही. वाईट दोन-ड्रायव्हर स्पीकरपेक्षा चांगला एक-ड्रायव्हर केव्हाही बरा. सगळे क्रॉसओव्हरवर अवलंबून आहे. त्यातला कॅपॅसिटर खालचे सूर अडवून ट्वीटरला वाचवतो, कॉइल वरचे सूर अडवून वूफरला मोकळे करते. सर्वांत साध्या रचनेत आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कॅपॅसिटर जोडतात, तो सुमारे ४,२०० हर्ट्झच्या खाली आवाज हळूहळू उतरवतो. स्वस्त पेट्यांमध्ये बहुधा एवढेच असते आणि वूफरला तर कॉइलही नसते. मग वूफर वरपर्यंत कर्कश बोलत राहतो, त्यावर ट्वीटर आपले बोलणे चढवतो, आणि आवाज चमकदार पण दमवणारा होतो. दुकानात असा स्पीकर पाच मिनिटे छान वाटतो, घरी तासाभरात बंद करावासा वाटतो.

दुसरी गोष्ट उंचीची. समजा दोन्ही ड्रायव्हरच्या केंद्रांत १५ सेंटिमीटर अंतर आहे आणि कामाची वाटणी ३,००० हर्ट्झला आहे. तिथे लाटेची लांबी साडेअकरा सेंटिमीटर असते. अडीच मीटरवर सतरंजीवर बसलेल्याच्या कानांशी जुळवलेला स्पीकर उभ्या माणसाने ऐकला तर दोन्ही ड्रायव्हरपासूनच्या अंतरांत साडेचार सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे अर्ध्या लाटेच्या जवळ. तिथे दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. उपाय सोपा आहे: घरात जिथे जास्त वेळ बसून ऐकता त्या कानांच्या उंचीला ट्वीटर आणा, आणि वूफर-ट्वीटर एकमेकांना जितके खेटून असतील तेवढे चांगले समजा. आडव्या बाजूला मात्र असा घोळ होत नाही, म्हणून पेटी उभीच ठेवा. फळीवर मावत नाही म्हणून ती आडवी टाकू नका.

काळजीपूर्वक केलेले दोन ड्रायव्हर काय करू शकतात याचे नामांकित उदाहरण म्हणजे बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी रचलेला छोटा एलएस३/५ए. पाच इंचांच्या आसपासचा वूफर, छोटा ट्वीटर, सुमारे ३,००० हर्ट्झला वाटणी. माणसाचा आवाज ओळखीचा वाटतो का, या कसोटीवर तो घडवला गेला आणि त्यासाठी क्रॉसओव्हरवर अपार मेहनत घेतली गेली. सांधा दिसू न देता दोन ड्रायव्हर जोडता येतात, हे त्याने सिद्ध केले. ट्वीटर वूफरच्या मध्यभागीच बसवण्याचा मार्गही जुना आहे, ब्रिटनच्या टॅनॉयने १९४७ मध्ये असा ड्रायव्हर आणला होता. एका बिंदूतून आवाज आणि कामाची वाटणी, दोन्ही त्यात साधतात, पण चांगला मिळाला तरच.

कौलारू घरात ठेवायचे कुठे?

वीस सेंटिमीटर रुंद पेटीसमोर ५००-६०० हर्ट्झच्या खालचे सूर पेटीला वळसा घालून मागे निघून जातात आणि समोर त्यांचा जोर घटतो. चांगल्या दोन-ड्रायव्हर स्पीकरमध्ये ही तूट क्रॉसओव्हरच्या कॉइलमध्येच भरून काढलेली असते. एका ड्रायव्हरच्या साध्या पेटीत ती तशीच राहते आणि आवाज पातळ लागतो. तुमच्या जाड चिऱ्याच्या भिंतीचा इथे उपयोग आहे. स्पीकर भिंतीपासून वीत-दीड वीत पुढे ठेवले की मागे गेलेला आवाज परत मिळतो. मात्र कोपऱ्यात कोंबू नका, तिथे डग्गा नुसता घुमतो. कौलांच्या फटींतून आणि उघड्या दारांतून खालचे सूर बाहेर जातात, त्यामुळे स्लॅबच्या बंद खोलीइतका खर्ज तुमच्या घरात साचणार नाही. म्हणून वूफर पाच-साडेसहा इंचांचा असावा.

झोपाळ्याबद्दल एवढेच: त्याचा हेलकावा स्पीकरच्या रोखाने पुढे-मागे होईल अशा भिंतीला स्पीकर लावा. हेलकावा आडवा आला तर झोताच्या आत-बाहेर जात राहाल आणि ‘स’, ‘श’ कमी-जास्त होतील.

खारी, दमट हवा आणि पावसाळा?

पडद्याच्या कडेला फोमची झालर असेल तर घेऊ नका. उष्ण, दमट हवेत तो फोम काही वर्षांत भुगा होऊन गळतो. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची झालर टिकते. उघडा कागदी पडदा ओल शोषतो, लेप दिलेला कागद किंवा पॉलिप्रोपिलीनचा पडदा किनाऱ्यावर बरा. पेटी दाबीव भुशाच्या पाटीची असेल तर ती कडेने फुगते. चांगल्या प्लायवुडची, आतून-बाहेरून रंग किंवा पॉलिश केलेली पेटी घ्या. मागे हवेचे भोक असेल तर त्याला बारीक जाळी लावा, नाहीतर पाली आणि मुंग्या बिऱ्हाड करतील. मिठाच्या हवेने तारांची टोके हिरवी पडतात, ती पावसाळ्याच्या आधी आणि नंतर घासून घट्ट करा. आणि स्पीकर वापरात ठेवा. ॲम्प्लिफायरची थोडी ऊबही ओलीवर उपाय आहे.

देखभालीतली आणखी एक गोष्ट: ट्वीटर मुकाट्याने जळू शकतो, वूफर चालू असल्याने ते लक्षात येत नाही. वर्तमानपत्राची नळी करून एक टोक ट्वीटरपाशी, दुसरे कानाशी धरा. बारीक सळसळ ऐकू आली तर तो जिवंत आहे. या बाबतीत एक-ड्रायव्हर प्रामाणिक आहे, बिघडला की लगेच कळतो.

किती वॉटचा ॲम्प्लिफायर?

पेटीवरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या जोडीवर अडीच मीटरवरून घरगुती ऐकण्यासाठी सरासरी एक वॉटही लागत नाही. तबल्याच्या थापेला क्षणभर दहा वॉट लागतील, पावसाच्या दिवसांत वीस-तीस. दर बाजूला तीस-चाळीस खरे वॉट देणारा ॲम्प्लिफायर पुरेसा आहे.

शेवटी नेमके काय घ्यावे, आणि पारखावे कसे?

पाच ते साडेसहा इंची वूफर, एक इंची मऊ घुमटाचा ट्वीटर, आणि वूफरला कॉइल, ट्वीटरला कॅपॅसिटर असलेला क्रॉसओव्हर. तो आहे का, हे दुकानदारांना स्पष्ट विचारा. शक्यतो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात जाऊन भाच्याचे आणि दुकानदारांचे, दोन्ही प्रकार एकाच आवाजाच्या पातळीवर ऐका. मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमी अधिक चांगला वाटतो, तेवढे सांभाळा.

सोबत तुमच्या कानांत मुरलेली तीन ध्वनिमुद्रणे न्या. एक, ज्यात सुरुवातीला नुसता तानपुरा आहे: त्याच्या चारही तारा वेगळ्या ओळखू येतात का? दोन, नाट्यपद: समोरून बाजूला सरकत जाताना शब्द स्पष्ट राहतात का? तीन, द्रुत लयीतली बंदिश: आवाज वाढवल्यावर डग्ग्याच्या थापेबरोबर गायकाचा स्वर गढूळ होतो का? या तिन्ही कसोट्यांवर जो उतरेल तो घ्या, मग त्याच्या पेटीत ड्रायव्हर कितीही असोत.

आणि भाच्यासाठी एक सूचना. तीन-चार इंची चांगला एकच ड्रायव्हर, प्लायवुडची छोटी पेटी, असा एक स्पीकर त्याच्याकडून बनवून घ्या आणि तुमच्या वाचनाच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर ठेवा. जोडीची गरज नाही. जुन्या तबकड्या आणि आकाशवाणीचे जुने कार्यक्रम मुळात एकाच वाहिनीचे (मोनो) आहेत, आणि त्या पैशांत दोन साध्याऐवजी एक उत्तम ड्रायव्हर येतो. माजघरात सगळ्यांसाठी दोन-ड्रायव्हर जोडी आणि खुर्चीपाशी हा एकटा स्पीकर, अशी वाटणी केलीत तर दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे ठरेल.